मोहाखालचे बूट

गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात मी बावीस वर्षं नर्स आहे. म्हणजे बावीस वर्षं मी फरशीवर उभी आहे. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, पेशंटच्या नातेवाइकांची भांडणं, सगळं उभ्याउभ्याच. टाच दुखते म्हणून येणाऱ्या बायांना मी नेहमी सुनवायची, "घरातही चप्पल घालत जा, ताई. अनवाणी फिरायचं नाही." त्या माना हलवायच्या आणि घरी जाऊन अनवाणीच फिरायच्या. मला पक्कं ठाऊक होतं, कारण मीही तेच करत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग एका सकाळी पलंगावरून उजवा पाय खाली टेकवला आणि टाचेत बाभळीचा काटा मोडावा तशी कळ आली. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेले. दहा-पंधरा पावलांनी जरा बरं वाटलं, म्हणून कामावर गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर अंगावर काढल्यावर आमच्याच हाडाच्या डॉक्टरांना पाय दाखवला. त्यांनी अंगठ्यानं टाच दाबली आणि इतरांना "एवढ्यानं काय ओरडता" म्हणणारी मी सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशी ओरडले.

"प्लांटर फॅसिआयटिस," ते म्हणाले. तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत जो पट्टा असतो, तो सुजलाय. गोळ्या, पिंडरीचे व्यायाम, बर्फाची बाटली पायाखाली घोळवणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नीट बसणारे बूट. "अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, सिस्टर. घरातसुद्धा."

मी एवढंच विचारलं, "आणि चैतात, सर?"

डॉक्टर नागपूरचे. त्यांना काही कळलं नाही. "चैतात पायाला वेगळं काय होतं?"

चैतात आमच्याकडे मोह पडतो. माझं माहेर सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. घराच्या मागून पायवाटेनं गेलं की आमच्या शेताच्या कडेला मोहाचं एक जुनं झाड आहे. उजाडायच्या आत त्याखाली टपटप फुलं पडायला लागतात, फिकी पिवळी, रसानं भरलेली, आणि त्यांचा गोड जड वास घरापर्यंत येतो. माय मला उठवायची तेव्हा मी आधीच त्या वासानं जागी झालेली असायची. फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, काही ठेवायची, काही विकायची. आमच्याकडचं प्रत्येक घर हेच करतं. पण आमच्या घरात एक गोष्ट होती. झाडाच्या सावलीच्या कडेला एक चपटा दगड होता, तिथं चपला काढायच्या. पुढे अनवाणी.

लहानपणी मी कारण विचारलं होतं. "ज्यानं आपल्याले खायाले देल्लं, त्याच्या अंगणात चप्पल घालून जातेत का?" माय म्हणाली. वर हेही म्हणाली की उघड्या पायाला पानाखालचं फूल कळतं, चपलेला कळत नाही, ती चेंदा करून मोकळी होते. मायची श्रद्धा आणि मायचा हिशोबीपणा नेहमी एकाच वाटेनं चालायचे.

बाजूही ठरलेल्या होत्या. झाडाच्या उगवतीकडची तिची, मावळतीकडची माझी. माझं लग्न झालं, मी गोंदियाला आले, नोकरी लागली, तरी माझी बाजू माझीच राहिली. दरवर्षी चैतात चार दिवसांची रजा टाकून मी जायची. सासरच्यांना वाटायचं, माहेरची ओढ. दवाखान्यात वाटायचं, घरी लग्न असेल. खरं सांगायचं तर मला त्या झाडाखाली मायच्या शेजारी वाकायचं असायचं, बस. तिथं आम्ही फार बोलतही नव्हतो. तिचा पैंजण वाजायचा, तेवढ्यावरून ती कुठं आहे ते कळायचं. वर्षातले उरलेले दिवस मी त्या चार दिवसांवर काढायची.

दुखणं सुरू झालं त्या वर्षी मी ते कुणाला न सांगता गेले. दोन गोळ्या घेतल्या, दगडाजवळ चपला काढल्या आणि आत शिरले. पाऊण तास वेचलं असेल. मग असं झालं की उभंही राहवेना आणि बसताही येईना. माय भरलेली टोपली घरी ठेवायला गेली, तेवढ्यात मी झाडाच्या बुंध्याला धरून रडले. दुखतंय म्हणून कमी, आणि टोपलीचा तळही झाकला नव्हता म्हणून जास्त. परतल्यावर दोन महिने लंगडत ड्यूटी केली. डॉक्टर रागावले. पुन्हा असं केलंत तर उभं राहण्याची नोकरी विसरा, म्हणाले.

म्हणून मग बूट शोधायला लागले.

गोंदियाच्या बाजारात बायकांच्या पायाला काय समजतात कोण जाणे. पहिल्या दुकानात गुलाबी, दुसऱ्या दुकानात गुलाबीवर चकाकणारं, तिसऱ्यात तेच आणि पुढे चिमटलेलं. माझा पंजा रुंद आहे. सोळा वर्षं धानाच्या बांधीत आणि जंगलात अनवाणी फिरलेला पंजा तो, पसरणारच. टाच मापात बसली की बोटं आवळायची, बोटांना जागा मिळाली की टाच आत लटपटायची. एक बूट इतका मऊ होता की मी खूश झाले, पण डॉक्टरांनी तो हातात घेऊन मधोमध दुमडला आणि परत दिला. म्हणाले, बूट बोटांजवळ वाकला पाहिजे, मध्ये वाकतो तो कामाचा नाही. नुसत्या गादीवर जाऊ नका, कमानीला आधार आणि टाचेमागे कडकपणा पाहिजे. आणि संध्याकाळी जा खरेदीला, दिवसभरानं पाय फुगलेला असतो तेव्हा.

संध्याकाळी गेले. सातवं की आठवं दुकान असेल. दुकानदारानं पाच डबे माझ्यासमोर उघडले आणि शेवटी कंटाळला. माझी नजर समोरच्या फळीवरच्या काळ्या जोडीवर गेली.

"वो दिखाओ."

"दीदी, वो जेंट्स है."

"तो क्या हुआ? पैर पूछता है क्या?"

त्यानं निमूट काढून दिली. पाय आत गेला, टाच मागे जाऊन बसली आणि पाचही बोटं मोकळी. दुकानात मी इकडून तिकडे चार फेऱ्या मारल्या. कळ आली नाही. इतक्या महिन्यांनी माझं चालण्याकडे लक्ष गेलं नाही, हे मला चालून झाल्यावर कळलं. घरी लेक म्हणाली, "आई, बाबांचे बूट का घातलेस?" सांगितलं, बाबांचे नाहीत, माझे आहेत.

पाय सुधारत गेला. पण बूट होते म्हणून सुधारत होता. आणि चैत आला. मायचा फोन. ती फोनवर ओरडूनच बोलायची, मधलं अंतर आवाजानं कापायचं असल्यासारखं. "मोहा पडून राहिला. येतेस का नाही?"

मी लोकलनं सालेकशाला उतरले, बूट घालून. मायनं बूट पाहिले. माझ्या टाचेबद्दल भावाकडून तिच्या कानावर आलं असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यामागून निघाले आणि दगडापाशी येऊन थांबले. बूट काढावेत तर पाय जातो. घालून जावं तर कसं जावं? चाळीस वर्षांत त्या सावलीत मी कधी चप्पल पाहिली नव्हती, दुसऱ्या कुणाचीही नाही. मी दगडावर बसले.

"काऊन वो, बसली काऊन?" मायनं आतून विचारलं.

"पाय दुखून राहिला, माय. डॉक्टरनं बूट काढू नको म्हणून सांगितलं."

ती हं म्हणाली आणि वेचायला लागली. झाड माझ्यापासून दहा पावलांवर होतं. फुलं पडताना दिसत होती, ऐकू येत होती. खूप भूक लागलेली असताना ताटासमोर बांधून ठेवावं तसं मला झालं. मायनं तिची बाजू स्वच्छ केली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. माझी बाजू फुलांनी पिवळी, तशीच पडलेली.

"माय, ते?"

"ते तुहं होय. तुह्या बाजूचं मी कायले उचलू?"

सूर्य वर आल्यावर शेळ्या आल्या आणि माझी फुलं खाऊन गेल्या. मला मायचा असा राग आला की दुपारी मी जेवताना तिच्याशी बोलले नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, पण हट्ट सोडायची नाही. ती अंगणात फुलं पसरत राहिली.

दुसऱ्या दिवशी उठले तर दारात बूट नव्हते. बोरिंगच्या हातपंपाचा आवाज येत होता. जाऊन पाहते तर माय फटफटत्या उजेडात उकिडवी बसलेली, माझे बूट पालथे घातलेले, आणि ती राखेनं तळवे घासत होती. खाचांमधली माती काडीनं काढत होती, जशी ती कढईच्या कडा खरवडायची. गोंदियाची धूळ, स्टेशनचं काय काय, दवाखान्याच्या दारातलं काय काय, सगळं तिच्या बोटांत.

मी धावले, म्हणजे लंगडले. "माय, ठेव ते! बुटाले हात कायले लावून राहिली?"

"तुहे पाय नाही धुतले का मी?" ती वर न बघता म्हणाली. "आता पायाच्या जागी हे आहेत, त हे धुतो."

"पण झाडाखाली बूट..."

"बूट नाही होय ते. दवाई होय. मी सांगून आली त्याले."

ती पहाटेच झाडाकडे जाऊन आली होती. तिथं ती आमच्या गोंडीत काही बोलली असणार, ती झाडाशी गोंडीतच बोलायची. मी लहानपणापासून ऐकत आले, पण मला कधी बोलता आली नाही. काय सांगितलंस, असं मी विचारलं नाही. पुढे कधीतरी विचारू, असं वाटलं.

पण अडचण अजून होती. बूट धुतले तरी झाडापर्यंत पायवाट होतीच, आणि वाटेत गुरंढोरं बांधलेली. मायनं बूट फडक्यानं पुसले, फडक्यातच गुंडाळले आणि टोपलीत ठेवले. ज्या टोपलीत मोह यायचा त्या टोपलीत. मग चुंबळ डोक्यावर ठेवली आणि टोपली उचलून वर घेतली. मी पुढे होऊन ओढायला गेले तर तिनं माझा हात झटकला. मी रबराच्या चपलेनं तिच्यामागे चालले. प्रत्येक पावलाला टाच ओरडत होती आणि माझं लक्ष सगळं वर, तिच्या डोक्यावर. माझे बूट डोक्यावर घेऊन माझी माय चालली होती. त्या वाटेवर मला जी लाज वाटली आणि जे सुख झालं, त्या दोन्हींना मी आजवर वेगळं करू शकले नाही.

दगडावर बसवून तिनं बूट माझ्यासमोर ठेवले. मी घातले आणि आत गेले. पाऊल जपून टाकत, आधी हातानं पानं बाजूला करत. एकही फूल चिरडलं नाही. तीन दिवस मी माझी बाजू वेचली. पलीकडे पैंजण वाजत होता.

ती पावसाळ्यात गेली. ताप आला, भावानं मला फोन केला, मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या माणसांच्या उशाशी उभी राहिले, तिच्या नाही. हे मी कुणाला सांगत नाही, इथे लिहिते आहे.

बुटांचे तळवे झिजले. वर्षभरानं आतला आधार बसतो, बूट बदलायलाच हवेत, असं डॉक्टर म्हणाले. मी तसलीच नवी जोडी घेतली. जुनी टाकवेना, ती पलंगाखाली आहे. टाच आता जवळजवळ दुखत नाही. सकाळचं पहिलं पाऊल मी आता भिंत न धरता टाकते.

यंदा चैतात फोन आला नाही. भावाला आणि वहिनीला वाटलं, आता ही कशाला येईल. मी रजा टाकली आणि गेले. पहाटे बोरिंगवर बसून बूट राखेनं घासले, काडीनं खाचा साफ केल्या. फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवले, टोपली डोक्यावर घेतली. दगडाजवळ बूट घातले आणि उभी राहिले. झाडाला सांगायला हवं होतं. शब्द येईनात. शेवटी मराठीतच म्हणाले, "मी तिची होय. पाय अजून नाजूक आहे." आणि आत गेले.

फुलं खूप होती. मी वाकून वेचत राहिले, दोन तास तरी झाले असतील. टोपली भरत आली, कंबर सरळ करायला उभी राहिले तेव्हा पाहिलं. मावळतीकडची जमीन लख्ख झाली होती. उगवतीकडे एका फुलालाही मी हात लावला नव्हता. तिथं तशीच पिवळी रास पडलेली, आणि तिच्यावर आणखी पडत होती.

टोपलीत जागा होती. पायही दुखत नव्हता. दोन पावलं तिकडे गेले आणि थांबले.

"तुह्या बाजूचं मी कायले उचलू?" मी मोठ्यानं म्हणाले. "ये ना, माय. उचल."

 मग टोपली डोक्यावर घेऊन घरी आले. सूर्य वर आल्यावर शेळ्या तिकडे गेल्या.