नकाशातला नाला

शेजारचे निवृत्त मोजणीदार काका चालताना पावलं मोजतात. हाक मारली की आधी आकडा सांगतात, मग "बोल" म्हणतात. बाजारामागे नाला बुजवून होणाऱ्या शेकडो घरांच्या वसाहतीविरुद्ध गावभर सह्या त्यांनीच गोळा केल्या. प्रांतसाहेबांपुढच्या सुनावणीत बिल्डरचा माणूस म्हणाला, "तिथं नाला नाहीच. सरकारी नकाशा बघा."

काका उठले. "नाला हाये, साहेब. नोकरीत असताना म्याच तो नकाशातून काढला. माह्यावर केस करा, पण नाला बुजवू नका. गावात पाणी शिरन."

साहेबांनी काम थांबवून फेरमोजणी लावली. आम्ही जिंकलो, पण टाळी कुणीच वाजवली नाही. काका एकटेच जिना उतरले. त्यांच्यामागे जायला माझेही पाय उठेनात.