त्याच भांड्यांत

मेधावहिनींनी डबा उघडलाच नाही. झाकणावर दोन बोटं ठेवली आणि टेबलाच्या कडेला सरकवला. शेजारून फिलिपिनो वेट्रेस चालली होती. तिला थांबवून म्हणाल्या, "प्लीज, धिस इज फॉर यू पीपल." मग माझ्या बायकोकडे वळल्या. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सुजाता, रागावू नकोस हं. तुमच्याकडे त्याच भांड्यांत सगळं शिजतं ना, म्हणून."

डब्यात शेंगांच्या पोळ्या होत्या. शेंगदाणे, गूळ, तीळ, कणीक. आमच्या सोलापूरकडची पोळी. मांसाचा, अंड्याचा, कशाचाही संबंध नाही.

जागा म्हणजे रियाधमधलं एक जपानी हॉटेल. टेबलाच्या मधोमध जाळी, खाली आच, आणि मांसाच्या पातळ पट्ट्या आपणच भाजून खायच्या. वहिनींच्या शेजारी त्यांचे यजमान, प्रसाददादा, हातात चिमटा घेऊन बीफच्या पट्ट्या उलटत होते. चरबी आचेवर पडून चरचरत होती. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी मला स्वतःचा फोटो काढायला लावला होता. एका हातात चिमटा, तोंडात घास. "छान काढ रे. आणि ग्रुपवर टाकू नकोस हं, पुण्याला आई बघते."

त्याच जाळीवर भाजलेलं वहिनीही खात होत्या. ती जाळी आमच्या आधी कुणी वापरली, तिच्यावर काय काय भाजलं गेलं, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मी सफाई दिली.

म्हणालो, "नाही वहिनी, आमच्याकडे ते शिजत नाही. कधीच शिजत नाही."

प्रसाददादा हसले. "अरे, शिजलं तरी काय बिघडलं? आपण इथे कुठे मानतो?" आणि एक पट्टी माझ्या ताटलीत टाकली.

मी ती खाल्ली.

सुजाता जाळीकडे बघत बसली होती. तिने त्या दिवशी फक्त भात खाल्ला.

निघताना ती वेट्रेस डबा घेऊन आली. धुऊन, पुसून. म्हणाली, "मॅम, व्हेरी गुड. वी ऑल शेअर्ड." सुजाताने डबा घेतला. मेधावहिनी म्हणाल्या, "बघ, वाया नाही गेलं."

आता आमच्या भेटींबद्दल सांगतो. आम्ही चार मराठी कुटुंबं. पुरुष सगळे बँकेत किंवा आयटीत. महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी एकत्र जेवण. पाळी लावलेली, एकेका घरी. प्रसाददादांकडे थालीपीठ आणि मसालेभात. दुसऱ्यांकडे मासे. तिसऱ्यांकडे पावभाजी. आमची पाळी आली की त्याच दिवशी दुपारी प्रसाददादांचा मेसेज यायचा: "या वेळी बाहेरच भेटू. वहिनींना कशाला त्रास." पुढे नव्या हॉटेलचा पत्ता.

पहिल्यांदा सुशी. नंतर एकदा रामेन. मग फिरत्या पट्ट्यावरून ताटल्या येतात ते हॉटेल. मला वाटायचं, किती समजूतदार माणसं. सुजाताने आदल्या दिवसापासून वाटण करून ठेवलेलं असायचं, मटण आणलेलं असायचं. मी तिला म्हणायचो, "बरं झालं ना, तुझे कष्ट वाचले." ती सगळं फ्रीझरमध्ये ठेवायची. पुढचा आठवडाभर आम्ही पाहुण्यांचं जेवण जेवायचो.

मी चाळिशी ओलांडलेला, बँकेतले आकडे जुळवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. हे मला जुळवता आलं नाही. जुळवायचं नव्हतं म्हणून आलं नाही. प्रसाददादा माझे विभागप्रमुख होते. माझा करार त्यांच्या शेऱ्यावर नवा व्हायचा, आणि करारावर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि इकाम्यावर मुलीची शाळा. वरच्या माणसाच्या चांगुलपणावर शंका घ्यायला आधी पोट भरलेलं लागतं, असं मी स्वतःला सांगायचो. माझं पोट केव्हाच भरलं होतं.

त्या दिवशी गाडीत आमची मुलगी प्रज्ञा मागे बसली होती. आठवीत आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, "बाबा, दे डू धिस ओन्ली व्हेन इट्स अवर टर्न."

मी म्हणालो, "असं काही नसतं."

"देन टेल मी. हू हॅज एव्हर ईटन इन अवर हाउस?"

सिग्नल लागला होता.  सुजाताच्या मांडीवर तो रिकामा डबा होता. ती पुढे बघतच म्हणाली, "पोरीला उत्तर द्या."

 आमच्या घरात त्यांच्यापैकी कुणी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. एकदा वहिनी प्रज्ञाला सोडायला दारापर्यंत आल्या होत्या. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. तो त्यांना दिसला. "घाईत आहे गं," म्हणाल्या आणि वळल्या. मी तेव्हाही म्हणालो होतो, घाईत असतील.

आमची वस्ती ओढ्यापलीकडे होती. माझी आई लहान असताना तिच्या घरी दोरीवर गुरांच्या मांसाच्या पट्ट्या वाळत घालायचे. चान्या म्हणायचे त्यांना. गावातली पोरं नाक धरून ओढ्याच्या अलीकडून ओरडायची. मग वस्तीने ठरवलं, हे सोडायचं. सोडलं. माझ्या जन्माच्या आधीच सोडलं. पण गावाने नाक सोडलं नाही. मी वर्गात डबा उघडला की शेजारचा बाक सरकायचा. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी असायची. आई म्हणायची, "त्यांना वास डब्याचा येत नाही बाळा, आपल्या आडनावाचा येतो."

आणि मी रियाधच्या गार हॉटेलात बसून म्हणालो, आमच्याकडे ते शिजत नाही. म्हणजे शिजत असतं तर वहिनींचं बरोबर होतं. म्हणजे माझी आजी घाण होती आणि मी धुऊन निघालो. त्या एका वाक्यात मी माझ्या आजीला पुन्हा ओढ्यापलीकडे नेऊन बसवलं. मेधावहिनींचं वाक्य मला लागलं, पण माझं वाक्य मला अजून झोपू देत नाही.

फोटो माझ्या फोनमध्ये होता. चिमटा, घास, हसरा चेहरा. प्रसाददादांचे वडील पुण्यात एका देवस्थानाचे विश्वस्त आहेत. भावकीच्या ग्रुपवर हे स्वतः रोज सकाळी श्लोक टाकतात. मला फक्त एक बटण दाबायचं होतं. मी बरेच दिवस तो फोटो उघडून बघायचो. ऑफिसात मीटिंग चालू असताना बघायचो. समोर प्रसाददादा बोलत असायचे आणि टेबलाखाली, माझ्या हातात, ते घास घेत असायचे. गोड लागायचं. खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी सुजाताने बघितलं. "कुणाला पाठवणार आहात?"

"त्यांच्या वडिलांना."

"पुसून टाका."

"का? त्यांची कीव येते तुला?"

"कीव?" ती लसूण सोलत होती. सुरी खाली ठेवली. "आपल्या बायाबापड्यांना ज्या घासावरून हाकललं, त्याच घासावरून तुम्ही त्याला हाकलायला निघालात. म्हणजे घास वाईटच, असं तुम्हीपण म्हणणार. त्याच्या बापाच्या हातात काठी देणार आणि म्हणणार, मारा. ती काठी आपल्या ओळखीची आहे."

मी फोन टेबलावर उपडा ठेवला.

"त्यांना लाज वाटायला पाहिजे. पण ती त्यांच्या बापासमोर नाही. माझ्यासमोर," ती म्हणाली. "आणि बोलायचं तुम्ही. डबा मी दिला होता. सफाई तुम्ही दिली होती."

मी तिच्यासमोर फोटो पुसला. पुसताना जीव गेला.

आमची पाळी पुन्हा आली. या वेळी मेसेज आधीच आला: "मलाक्का-सिंगापूरकडचं नवं हॉटेल उघडलंय. पेरानाकन म्हणतात. तुमच्या पाळीला तिथेच. वहिनींना त्रास नको." सुजाताने वाचला आणि म्हणाली, "जाऊ या." त्या दिवशी तिने घरी काहीच केलं नाही. वाटणसुद्धा नाही.

हॉटेल साधंच होतं. रंगीत फरशा, फुलाफुलांच्या ताटल्या. आमच्यासाठी एक लांबच लांब टेबल लावलेलं, मधोमध सगळ्यांसाठी मोठाली भांडी. नारळाच्या दुधातला शेवयांचा लाक्सा, काळपट रश्श्यातली कोंबडी, केळीच्या पानात भाजलेली मासळी. सुजाता हळूच म्हणाली, "पंगतच आहे की."

हॉटेल चालवणाऱ्या बाई मलाक्काच्या. डोक्याला रुमाल, हाताला हळदीचा रंग. त्या टेबलापाशी येऊन सांगू लागल्या, हे जेवण कुठून आलं. पूर्वी चिनी व्यापारी त्यांच्या बंदरात आले, तिथल्या मलय घरांत जावई झाले. सासरचा मसाला आणि जावयाची कढई एकत्र आली. वाटण अजून हातानेच, दगडावर.

मेधावहिनींनी हात जोडल्यासारखे छातीशी धरले. मराठीत आम्हाला म्हणाल्या, "किती सुंदर ना. दोन वेगळ्या घरांची चूल एक झाली. असं असायला हवं."

मी ठरवलं होतं, जेवण झाल्यावर बोलायचं. पण हे ऐकल्यावर घास उचलवेना. मी उभा राहिलो. 

"वहिनी, आमची चूल इथून गाडीने दहा मिनिटांवर आहे. तिथे तुम्ही कधी आला नाहीत."

 प्रसाददादा म्हणाले, "अरे, बस ना. काय झालं एकदम?"

"आमची पाळी आली की हॉटेल. दर वेळी. का?"

"त्रास नको म्हणून रे. वहिनींना."

सुजाता म्हणाली, "मला त्रास झाला असं मी कधी म्हटलं?"

वहिनी चमचा फिरवत होत्या. "सुजाता, तू ते डब्याचं मनात ठेवलंस का? मी तेव्हाच म्हटलं होतं, रागावू नकोस."

"रागावले," सुजाता म्हणाली.

मी म्हणालो, "तुम्ही म्हणालात, आमच्याकडे त्याच भांड्यांत सगळं शिजतं. मी त्या दिवशी खुलासा केला. तो मागे घेतो. आमच्या भांड्यांत काय शिजतं ते तुम्हाला सांगायला मी बांधलेला नाही. माझी आजी ते मांस वाळवायची, भुकेपोटी खायची आणि लपवायची नाही. प्रसाददादा चवीने खातात आणि आईपासून लपवतात. आमच्या भांड्यांत फार तर मांस शिजेल. तुमच्या भांड्यांत मांस आणि खोटं एकत्र शिजतं. ते आम्हाला चालत नाही. आजपासून आम्ही तुमच्या पंगतीला बसणार नाही."

कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. बाकी दोन्ही कुटुंबं ताटल्यांत बघत होती. त्यांनीही आमच्याकडे कधी जेवण केलं नव्हतं आणि त्यांना ते आठवत होतं, हे मला दिसत होतं.

प्रसाददादांचा आवाज बदलला. ऑफिसातला झाला. "रविवारी भेट मला. केबिनमध्ये."

"भेटतो," मी म्हणालो.

सुजाताने वेटरला बोलावलं आणि शेजारचं छोटं टेबल दाखवलं. आपली पर्स उचलली. प्रज्ञाने तिचा ग्लास घेतला. आम्ही तिघं तिथे जाऊन बसलो आणि तेच सगळं पुन्हा मागवलं. मलाक्काच्या बाईंनी काय ओळखलं कोण जाणे, ताटल्या त्यांनी स्वतः आणून मांडल्या.

मी हाताने जेवलो. सावकाश. मुद्दाम सावकाश. लांब टेबलावर ताटल्या अर्ध्याच राहिल्या. दारापाशी जायला त्यांना आमच्या टेबलावरून जावं लागत होतं. एकेक जण खाली मान घालून गेला. प्रसाददादा थबकले. मी मान वर केली नाही, बसा म्हणालो नाही. जन्मभर मी प्रत्येकाला बसा म्हणत आलो होतो. ते गेल्यावर प्रज्ञा मराठीत म्हणाली, "आई, अजून भात घे." ती एवढं साधं मराठी बऱ्याच दिवसांनी बोलली होती.

रविवारी केबिनमध्ये ते म्हणाले, "तू माझ्या बायकोला जातीवादी ठरवलंस. माझे इतके मित्र आहेत तुमच्यातले."

"त्यांच्यातल्या कुणाच्या घरी जेवलात?"

ते खुर्चीत मागे टेकले. "कराराचं बघू या मग."

"बघा."

अजून बघणं चालू आहे. इकाम्याची मुदत जवळ येते आहे. इथल्या मराठी मंडळात बोललं जातं की ते लोक चिडके असतात, त्यांना काही बोलायची सोय नाही. खरंच सोय नाही. ती सोय मी काढून घेतली. गणपतीच्या कार्यक्रमात मेधावहिनी समोर आल्या, सुजाताला पाहिलं आणि त्यांच्या हातातली प्रसादाची वाटी हातातच राहिली. द्यावी की न द्यावी. सुजाता त्यांच्याकडे बघत उभी राहिली. हात पुढे केला नाही, हललीही नाही. शेवटी वहिनीच वळल्या. मला ते बघून समाधान वाटलं. मोठ्या मनाच्या माणसाने असं म्हणू नये म्हणतात. माझ्या आजोबांना, वडिलांना आणि मला मोठं मन ठेवायला सांगून हे लोक लहान मनाने जेवत आले. आता माझ्याकडे मोठं मन शिल्लक नाही.

जेवणाची पाळी आम्ही अजून लावतो. आमची आमची. सुजाता आदल्या दिवशी वाटण करते, मी मटण आणतो. कुणाला बोलवायचं असेल तर मी आधी एकच प्रश्न विचारतो, तोंडावर, फोनवर नाही. आमच्या भांड्यांत जेवाल का?

प्रश्न विचारल्यावर मी समोरच्याचा चेहरा बघतो. जो लगेच हो म्हणतो, त्याला पत्ता देतो. जो क्षणभर थांबतो आणि मग हो म्हणतो, त्याला देत नाही. तो नंतर कितीही गोड बोलला, कितीही वेळा आला, माझा साहेब असला, माझा इकामा त्याच्या खिशात असला, तरी देत नाही. तो एक क्षण मी लहानपणी बाक सरकताना पाहिला आहे. तो मला अंधारातही ओळखू येतो. आणि आता मी त्याची सफाई देणार नाही, मागणारही नाही. दार लावून घेईन.