बोईची पिल्लं आणि वसईची बाई

मंदी आली आणि दुबईतल्या कंपनीने नवऱ्याला अर्ध्या पगारावर आणलं. तेव्हापासून आमच्या शारजाच्या घरात तो हसायचाच थांबला. बोलणं एकच: "लेकीला घेऊन तू पुण्याला जा, मी कुणाच्या तरी खोलीत एका खाटेपुरती बेडस्पेस घेऊन राहतो." तिकिटंही काढून ठेवली. मी रडले, भांडले. पठ्ठ्या ढिम्म!

आणि हाच माणूस दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटे उठून उम्म अल क्वैनच्या खाडीत कसल्याशा पाहणीसाठी मासे मोजायला जायचा. फुकट! खारफुटीत वाढणारी बोईची पिल्लं जाळ्यात धरायची, पट्टीवर मोजायची, परत सोडायची. या नादाला त्याला लावलं होतं ऑफिसातल्या वसईच्या बाईने. घरी यायचा तो चिखलाने माखलेला आणि चक्क शीळ घालत. "ती म्हणते, यंदा पिल्लं चांगली आहेत." ती म्हणते, ती म्हणते! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. जन्माची वरणभातवाली मी. माझ्यासाठी याने घरात मासळी सोडलेली. आता मासळी आली ती बाईसकट?

"मम्मा, इट्स जस्ट फिश," लेक म्हणाली.

"यल्ला, चल," म्हटलं, "बघूच."

खाडीवर दोघं गुडघाभर पाण्यात. जाळ्याचं एक टोक याच्या हातात, दुसरं तिच्या. ती काहीतरी बोलली आणि हा खो खो हसला. ते हसू माझं होतं हो! मला रडू फुटायचंच बाकी होतं.

पिल्लं मोजून झाली. काहीतरी करायचं म्हणून मी बादली उचलून जवळच्या पाण्यात ओतायला निघाले, तर हा ओरडला, "अगं, तिथे नको! जिथून उचलली तिथेच सोडायची. नव्या जागी बावरतात बिचारी."

"हो का?" माझा आवाज चढला. "माशाच्या पिल्लांची एवढी काळजी! आणि इथेच जन्मलेली तुझी पोर कुठे नेऊन सोडतोयस रे?"

बाई जाळं धुता धुता एवढंच म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. नको पाठवू त्यांना."

संध्याकाळी त्याने तिकिटं रद्द केली. लेकीला कवटाळून मी हसले, रडले, भरपूर तूप घालून शिरा केला. ढवळता ढवळता डोक्यात आलं: मी इतके दिवस घसा फोडला तेव्हा ढिम्म, आणि ती एकदाच म्हणाली तर खलास!

"उद्या ऑफिसात तिलाही डबा नेतो," नवरा म्हणाला.

दिला भरून. वरचे काजू तेवढे काढून घेतले.