तुला सवय आहे

"पूस," बाई म्हणाल्या. मी कोपऱ्यातलं फडकं घ्यायला वळले. "फडक्यानं नाही. तुझ्या परकरानं."

चौथीचा वर्ग. कासारवाडीची शाळा, रुळांच्या अलीकडं. मी खाली बसले आणि माझीच लघवी माझ्याच परकरानं पुसली. पोरं नाक धरून हसत होती. बाई फळ्याकडं वळल्या आणि भागाकार शिकवायला लागल्या. मला दाराजवळ गोणपाटावर बसवलं. तेव्हापासून माझी जागा तीच.

कंपनीचा दुपारचा भोंगा झाला की असं व्हायचं. आधी कधीच झालं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी दादांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, डबा घेऊन गेटवर उभी होते. भोंगा वाजत होता आणि चौघं जण दादांना धरून बाहेर आणत होते. उजवा हात पोत्यात गुंडाळलेला. पोतं गळत होतं. दादा माझ्याकडं बघत होते, पण मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये बोटं गेली होती.

मग भोंगा वाजला की माझे पाय गार पडायचे. पुढचं माझ्या हातात नसायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.

बाईंनी आईला बोलावून घेतलं. दादा घरी बसल्यापासून आई कंपनीतल्या साहेब लोकांच्या बंगल्यांत भांडी घासायची. बाईंचे यजमानही साहेबच. बाई म्हणाल्या, पोरगी मुद्दाम करते, सगळ्यांनी आपल्याकडं बघावं म्हणून. तुम्हा लोकांत वळणच नसतं.

"व्हय बाई. चुकलं," आई म्हणाली. आणि बाईंच्या देखत तिनं माझ्या थोबाडीत मारली. जोरात. बाईंचं समाधान व्हावं म्हणून.



उन्हाळ्याच्या सुमाराला लातूरकडची एक मुलगी वर्गात आली. शेवंता. आई नुकतीच वारलेली, बाप गवंड्याच्या हाताखाली. ती कुणाशी बोलायची नाही. बाईंनी तिला कविता म्हणायला उभं केलं. तिच्या तोंडातून आवाज फुटेना. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली आणि शेवंताच्या पायाखाली ओलं झालं.

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू पूस. तुला सवय आहे."

पोरं हसली. शेवंता हसणाऱ्या पोरांकडं बघत राहिली. ती नजर मला कळली, गेटवर दादांची होती तीच. मी उठले, तिच्याजवळ गेले, तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार.

"न्हाई पुसणार," मी म्हणाले. "तिला काय झालंय ते इचारा."

पट्टी पाठीवर बसली, मग खांद्यावर. मी हात सोडला नाही. हेडमास्तर आले. त्यांनीही विचारलं नाही. सगळ्या वर्गासमोर बाईंचे पाय धर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं म्हणाले. आई घरी रडली, पाया पडली माझ्या. पोटच्या पोरीच्या पाया. तरी मी गेले नाही. दादा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

माझं नाव शाळेतून गेलं. शेवंताही पुढं शाळेत टिकली नाही. बापानं तिला कामावर न्यायला सुरुवात केली. एकदा विटा वाहताना दिसली. मी हाक मारली, तिनं ओळखलं नाही. म्हणजे माझ्या नाही म्हणण्यानं तिचं काही भलं झालं नाही. माझंही नाही. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बोल्ट निवडायला लागले. अजून तेच करते.

आता माझी मुलगी पहिलीत जायची आहे. परवा शाळा बघून आले. इमारत नवी, रंग नवा. आत कुणीतरी लहान पोर हुंदके देत होतं आणि एक बाई त्याला ओरडत होत्या, नाटकं बंद कर. काही बदललेलं नाही. बदलेल असंही मला वाटत नाही.

तरी मुलगी शाळेत जाणार. ती भ्याली, गप्प झाली, अंगावर धावून गेली, तरी आधी तिला विचारायचं, काय झालं. शाळेनं नाही विचारलं तर मी कामाचा खाडा करून वर्गात जाईन आणि सगळ्यांसमोर विचारीन. हेडमास्तर बाहेर काढतील. दुसऱ्या दिवशी परत जाईन. तिच्या शेजारी दुसऱ्या कुणाचं पोर थरथरत असलं, तर त्यालाही विचारीन.