दिवा गेटाबाहेर

"घरी जायचंय ना?" असं म्हणत साहेब गेटावर तळहात पुढे करायचे. मोबाइल, बिडी, काडेपेटी, खिशात असेल ते त्या हातावर ठेवायचं, मगच आत. मालकांचा मेहुणासुद्धा सुटला नाही.

निंबोल्याकडच्या आमच्या प्लांटवर पाण्यापासून हायड्रोजन काढतात, गाड्यांच्या इंधनासाठी. साहेब तिथले सेफ्टी ऑफिसर, सिंधीपुऱ्यात एकटे राहणारे. मी कॉम्प्रेसरवर, म्हणजे वायू दाबून भरणाऱ्या मशीनवर. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालणारा.

हायड्रोजन एका ठिणगीनंही पेटतो आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. म्हणून गळतीचा संशय आला की ते काठीला केळीचं वाळकं पान बांधून पुढे धरत चालायचे. पान पेटलं की थांबायचं. आम्ही चिडवायचो, "साहेब, वरात कुठं निघाली?"

"हसा भाऊ, हसा. हसायलाही माणूस शिल्लक लागतो."

दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची. फुलं, हळदकुंकू आत. दिवा मात्र गेटाबाहेर, हा त्यांचा नियम. गेल्या दसऱ्याला त्यांना यायला उशीर झाला आणि मालकांच्या आईंनी थेट कॉम्प्रेसरपुढे समई लावली. ते आले, धावले आणि उघड्या हातानं ज्योत दाबली.

सणाच्या दिवशी, म्हातारीच्या हातचा दिवा! "अपशकुन केलास रे बाबा," म्हणून आई रडायलाच लागल्या.

मालक भडकले. "कुछ हुआ क्या? इतक्या वर्षांत काय झालं इथं?"

"काहीच नाही झालं, शेठ. तेच तर माझं काम."

मी त्यांचा हात नळाखाली धरला. तळव्यावर फोड आले होते. "कशाला करता साहेब एवढं?" मी रागानंच विचारलं. ते हळूच म्हणाले, "तुला घरी जायचंय ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. भुसावळला बहिणीकडे गेले म्हणतात. त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

यंदा समई आतच लागली, आरती झाली, पेढे वाटले. "बघा, झालं का काही?" मालक म्हणाले. सगळे हसले. मला खरंच भीती वाटत होती; माझी नजर ज्योतीवरून हलेना.

रोज सकाळी गेटावर आलो की माझा हात आपोआप खिशात जातो. काडेपेटी काढून मी पुढे धरतो. घ्यायला समोर कोणी नसतं. मग ती परत खिशात टाकतो आणि आत जातो.