रबराला विटाळ नसतो

"आधी शेकून घे, मग रड."

पोट धरून दारात उभ्या राहिलेल्या बाईला अक्का एवढंच म्हणायची. काय झालं, कधीपासून होतंय, असली चौकशी नाही. हात धरून आत घ्यायची, भिंतीला टेकवून बसवायची आणि फुंकणी घेऊन चुलीपुढं बसायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमच्या पोटाचं नशीबच फुटकं म्हणायचं.

तिचं नाव सांगत नाही. आमच्या लाइनीत ती लहानथोर सगळ्यांचीच अक्का होती. राहात्याच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. दोन-दोन खोल्यांच्या क्वार्टरांची लांबलचक रांग, समोर एकच नळ, आणि त्या नळावर साऱ्या जगाच्या बातम्या. अक्काचे मालक कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांचा बॉयलर हंगामापुरता पेटायचा, अक्काचा बारा महिने.

पाळीची कळ आली की तिचं सगळं ठरलेलं. ओवा तव्यावर भाजायचा, गुळाचा खडा घालून पाण्यात उकळायचा आणि ते पाणी बाईच्या घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलायचं नाही. मग पोटाला शेक. मग चालायचं. मुटकुळं करून पडून राहिलेलं तिला खपत नसे. "हिंडलीस की कळ मोकळी हुती," असं म्हणत ती चांगल्या धडधाकट बाईलाही ओढत कॅन्टीनपर्यंत हिंडवून आणायची. कॅन्टीनवाल्याला वाटायचं, ह्या बायकांना चहाची भारी हौस, पण चहा काही घेत नाहीत.

तिचं सगळंच लागू पडायचं असं नाही. शाळेतल्या नव्या मास्तरीणबाईंच्या बेंबीभोवती तिनं एकदा हिंगाचा लेप दिला. पोटदुखी थांबली की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं नाक वर करून एकमेकांना विचारत होती, आमटी कुणाच्या डब्यात आहे. मास्तरीणबाई पुन्हा हिंगाच्या वाटेला गेल्या नाहीत. ओव्याच्या पाण्याला मात्र दर महिन्याला हजर.

शेकायला आधी वीट असायची, चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेली. मग अक्काच्या मालकांची कंबर धरली आणि नगरच्या डॉक्टरांनी त्यांना गरम पाण्याची रबरी पिशवी घ्यायला सांगितली. लाल, गुबगुबीत पिशवी. मालकांच्या वाट्याला ती जेमतेम आठवडाभर आली असेल, मग अक्कानं जप्त केली. ते कुरकुरले तर म्हणाली, "तुमी दिवसभर बॉयलरपाशीच असता की. जरा पाठ करून उभं ऱ्हायचं."

पण पिशवीबरोबर पंचाईत आली ती विटाळाची. पाळीत लांब बसलेल्या बाईनं शेकून घेतलेली पिशवी दुसरीच्या घरात जायची कशी? नळावर मोठा खल झाला. रेशमाला आणि लोकरीला विटाळ लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण रबराचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी अक्कानंच निकाल दिला.

"रबर म्हंजी झाडाचा चीक. वडाच्या चिकाला कुनी विटाळ मानतं का?"

निकाल नळावर लगेच मान्य झाला. खरं सांगायचं तर सगळ्यांना तो तसाच हवा होता.

पिशवी लाइनीत फिरायला लागली. टोपलीत पिशवी आणि तिच्यावर मेथीची जुडी, पुरुषांना कळू नये म्हणून. आता इतकी मेथी कोण खातं हो? टोपली कुणाच्या दारात गेली की तिथं काय चाललंय ते लाइनीतल्या बायकांना बसल्या जागी समजायचं. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. माझं हसू बंद झालं ते माझ्या सासूबाईंमुळं.

लग्नाला काही वर्षं झाली होती आणि माझ्या घरात पाळणा हलला नव्हता. सासूबाई गावी राहायच्या, बाजाराच्या दिवशी एसटीनं यायच्या. दुष्काळाचं साल, शेतात काही नाही, त्यामुळं त्यांचं सगळं ध्यान माझ्या पोटाकडं. एकदा नळावर टाइम ऑफिसातल्या कारकुनाची बायको भोळेपणानं बोलून गेली, परवाच पिशवी तुमच्या सुनेकडं होती. झालं! सासूबाईंना सूत्र सापडलं. मला त्या काही विचारत नसत. या महिन्यात पिशवी कुणाकुणाकडं जाऊन आली तेवढं बाहेर विचारायच्या आणि जाताना आमच्या ह्यांना कोपऱ्यात घ्यायच्या. पाडव्यापर्यंत वाट बघायची, नाहीतर त्यांच्या भावाची मुलगी ह्यांना करायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. हे हो म्हणत नव्हते, पण नाहीही म्हणत नव्हते. आईपुढं ह्यांची जीभ टाळूला चिकटायची. मला ह्यांचा इतका राग यायचा की भाकरी थापताना परात फुटेल असं वाटायचं.

मी अक्काकडं जाऊन रडले. तिनं आधी शेकलं, मग सगळं ऐकून घेतलं.

त्यानंतर अक्काची टोपली घरोघर जायला लागली. दुखो न दुखो, प्रत्येक दारात टोपली. पुढच्या बाजाराला सासूबाई विचारत निघाल्या, तर जिथं जावं तिथं पिशवी कालच येऊन गेलेली. शेवटी त्यांनी कारखान्यातल्या, एकट्या राहणाऱ्या केमिस्टाचं दार वाजवलं. तो बिचारा गालावर हात ठेवून म्हणाला, रात्रभर माझ्याकडंच होती, आता जरा बरं वाटतंय. त्याची दाढ ठणकत होती. सासूबाई उन्हात तशाच उभ्या राहिल्या.

अक्कानं त्यांना हाक मारून आत बोलावलं. हिंडून हिंडून त्यांचे गुडघे भरून आले होते. अक्कानं त्यांचे पाय लांब करायला लावले आणि पिशवी गुडघ्यावर धरली. मी चहा ठेवला. ऊब लागली तशा सासूबाई सैलावल्या आणि मी तिथं नाहीच असं धरून अक्कापुढं मन मोकळं करायला लागल्या. भावाची मुलगी कामाला वाघ आहे म्हणाल्या. आणि हिला काही कुणी घराबाहेर काढत नाही, खाईल, राहील, त्यात काय एवढं?

अक्का पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर फिरवत होती. हात थांबला नाही.

"माझ्यावर आनली की," ती म्हणाली. "गावाकडं हाय ती. तिला दोन पोरं हाईत. वाईट न्हाई. तिच्या पोटात कळ यायची तवा तिलाबी मीच शेकायची."

आम्ही रोज एका नळावर पाणी भरायचो, आणि हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"मग? निभलंच की समदं," सासूबाई म्हणाल्या.

"निभलं. पन ती उंबरा वलांडून आत आली ना, त्या दिवशी माझं जे दुखाया लागलं त्याला अजून उतार न्हाई. लई शेकून बघितलं."

सासूबाईंनी पिशवी आपल्या हातानं बाजूला ठेवली. चहा तसाच राहिला. एसटीला अजून वेळ होता तरी त्या उठल्या, आणि त्या दिवशी त्यांनी ह्यांना कोपऱ्यात घेतलं नाही.

त्या साली हंगाम लवकर आटपला, उसालाच पाणी नव्हतं. अक्काच्या मालकांची नोकरीही तेव्हाच संपली. पाडव्याच्या आधल्या आठवड्यात बिऱ्हाड गाडीत चढवून दोघं गावी निघून गेली. पिशवी ती लाइनीला ठेवून गेली, आणि ती कुणाच्या घरी राहायची यावरून नळावर अशी जुंपली की दोन शेजारणींचं बोलणं बंद झालं.

पाडव्याला सासूबाई आल्या. बाजाराचा दिवस नव्हता तरी आल्या. मागं भावाची मुलगी आहे का, तेच मी आधी बघितलं. एकट्याच होत्या, हातात गाठोडं. आमच्या दारावरून तशाच पुढं गेल्या आणि अक्काच्या दाराशी थांबल्या. दाराला कुलूप. मी मागोमाग जाऊन सांगितलं, अक्का गावी गेली, आता परत यायची नाही.

"मला कुनी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

गाठोड्यात खण, नारळ आणि गहू होते. अक्काची ओटी भरायला आणले होते. मूल नसलेल्या बाईची ओटी आमच्याकडं तेव्हा कुणी भरत नसे. हळदीकुंकवाला बोलवायचे, पण ओटीची वेळ आली की तिला गाळून शेजारणीकडं सरकायचे. सासूबाईंनी स्वतः मला दोन संक्रांती तसंच गाळलं होतं.

त्यांनी गाठोडं सोडून खण-नारळ हातात घेतले. मग माझ्याकडं वळल्या.

"पदर पुढं कर," म्हणाल्या.

आणि अक्काच्या बंद दारात, नळावरच्या सगळ्या बायकांदेखत, त्यांनी माझी ओटी भरली.