बेसमेंटमधल्या मंजिऱ्या

मिशिगनमध्ये घरी गांजाची दोन-चार रोपं लावायला कायद्याची आडकाठी नाही. पाठदुखीने जेरीला आले होते, म्हणून मी बेसमेंटमध्ये दिव्याखाली एक लावलं. नाशिकहून राहायला आलेल्या आईला सांगितलं, औषधी झाड आहे. खोटं नव्हतं ते.

औषध असतं फुलांत. फुलं धरावीत म्हणून मी दिव्याचे तास कमी केले आणि वाट बघत बसले. फुलं काही दिसेनात. पाणी, खत, दिवा, सगळं मी रोज डायरीत लिहीत होते, ऑफिसचं कामही इतक्या नेटाने करत नाही. खत बदललं, तेही लिहिलं. दिवा वर घेतला, तेही लिहिलं. मागची पानं पुन्हा पुन्हा वाचली आणि आणखीच गोंधळले. डायरीप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं आणि झाड आपलं नुसतं पानांनी भरत होतं. माझं डोकं फिरायची वेळ आली.

एका शनिवारी वॉशरमधले कपडे काढायला खाली गेले, तर आई झाडापाशी उभी राहून शेंडे खुडत होती.

"आई, हे काय करतेयस?"

"मंजिऱ्या काढतेय. रोजच काढते. तुळशीच्या नाही का आपण काढत? राहू दिल्या की झाड वाळतं."

तिने मूठभर मंजिऱ्या कचऱ्यात टाकल्या, हात झटकले आणि कौतुकाने झाडाकडे बघत विचारलं, "याचं औषध कशाचं करतात गं? पानांचं?"